तिथं ‘अहो’ म्हटलं की

दोन सॅक धुऊन गच्चीवर वाळत घातल्यात,
पोटं उलटी करून, सोललेल्या बकऱ्यांसारख्या.
तळाच्या शिवणीतून अजून लाल माती येते
आणि सासनेकाकू कठड्यावरून विचारतात,
‘लाओसला बघायला काय असतंय हो?’

काय सांगू.
नदी होती. दोन दिवस नावेत बसून होतो,
दोघांच्या मध्ये वेताच्या टोपलीत चिकट भात
आणि आपली कांदा-लसूण चटणी.
नाव थांबायची तर एक बाई, एक कोंबडा,
एक पत्र्याची पेटी एवढंच उतरायचं
आणि वाट नसलेल्या डोंगरात चढून जायचं.
बाकी काही घडलं नाही.
तीस वर्षं उद्यमनगरात भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस,
जेवतानाही ओरडून मीठ मागणारा,
दुपारी तीनच्या सुमाराला मला म्हणाला, ‘ऐक.’
मी ऐकलं. काहीच नव्हतं.
‘तेच,’ म्हणाले.

रेवती म्हणाली होती, या वयात पाठीवर ओझी?
टूरवाल्यांबरोबर जावा की, श्रीखंड देतात तिकडं पण.
सरहद्दीवर शिक्का मारणाऱ्यानं
ह्यांचं नाव फोडून फोडून वाचलं,
बळ. वंत. चौ. गु. ले.
जसे काही पाचजण उभे होते समोर.

ह्यांच्या चपलांची करकर
महाद्वार रोडला कधी माझ्या कानावर आली नव्हती.
तिथं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची.
भगव्या कपड्यातली पोरं भिक्षेची भांडी घेऊन निघालेली,
त्यातलं शेवटचं वळून हसलं, चपलेकडं बघून.
हे लाजले.
लग्नातसुद्धा लाजले नव्हते.

मग त्या गावात एका घरामागं
एक तरणा माणूस चमचे ओतत होता.
आभाळातून पडलेल्या जुन्या बॉम्बचा पत्रा
चुलीवर वितळवून, लाकडी साच्यात.
हे उकिडवे बसले. भाषा नाही, काही नाही.
ह्यांनी बोट दाखवलं, त्यानं मान हलवली,
ह्यांनी पळी हातात घेतली.
पहिला चमचा त्यानं उलटासुलटा बघितला
आणि परत वितळायला टाकला.
दुसराही टाकला.
(उद्यमनगरात कुणी असं केलं असतं तर!)
तिसरा पुसून माझ्या हातात दिला, गरमच.
रात्री दिवा गेल्यावर हे म्हणाले,
‘त्याच्या रानात अजून निघत्यात.
फाळ लागला की.’
आणि कूस बदलली.
मला वाटलं झोपले. नव्हते झोपले.

एका सकाळी बाजारात हरवले.
केळफुलं, माशांच्या परड्या, सगळ्या बायका हळू बोलणाऱ्या,
आणि मी मधोमध उभी राहून ओरडले,
‘अहो!’
लक्ष्मीपुरीत ही हाक मारली तर सातजण वळतात,
एखादा पिशवीसुद्धा उचलतो.
तिथं एकच मान वळली.
लांब, मिठाच्या ढिगापलीकडं.
त्या अख्ख्या देशात
तो शब्द एकाच माणसाचा होता.
एकतीस वर्षं वापरून झिजलेला शब्द,
मी पुन्हा एकदा मारली हाक, गरज नसताना.

आता चमचा साखरेच्या डब्यात आहे.
संग्रामनं कारखान्यात नवं मशीन बसवलंय,
हे बघून आले, चांगलं आहे म्हणाले, जेवले.
काल संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला गेलो.
म्हशी, गाड्या, हॉर्न, तालमीतली पोरं,
मी हाक मारली. तिघं वळले.
हे नाही.
हातात ग्लास, मिशीला फेस,
डोळे मिटून म्हशीच्या धारेकडं कान लावलेला.
मी पुन्हा हाक मारली नाही.
जाऊन शेजारी उभी राहिले.

सॅक कधीच वाळल्यात.
खाली आणायचं कुणी नाव काढत नाही.